सिक्लिडचं बाळंतपण

अहेरी, रविवार

देवाजीभाऊंना कय्यूमचा सलाम. तुमचा गुडघा धानाच्या बांधावर पुन्हा चालायला लागला, की अजून घरी बसून रुखमावहिनींवरच हुकूम सोडतो, ते कळवा. आम्ही मजेत आहोत. लेक शाजिया पुढल्या आठवड्यात बाळंतपणाला माहेरी येतेय, त्यामुळे नसीमचा, तिच्या अम्मीचा, आवाज तर फारच खुशाल आहे.

मागच्या खेपेला तुम्ही विचारलं होतं, ‘‘कय्यूम, हे मासे पाळून राह्यला का रश्श्यासाठी?’’ भाऊ, हे ड्वार्फ सिक्लिड आहेत, बोटाएवढे. नागपूरहून एक नर आणि दोन माद्या आणल्या. मासे लहान, म्हणून टाकीही लहान, असा माझा हिशेब. माझ्या फोटोफ्रेमच्या दुकानातल्या उरलेल्या काचा जोडून कोनाड्यात मावेल अशी उंच, अरुंद टाकी केली (काच फुकट, अक्कल घरची). पण हे मासे पडले तळाशी राहणारे. वरचा मजला सगळा रिकामा आणि खाली हद्दीवरून दोघींची मारामारी. शेवटी नसीमच्या पलंगाशेजारी लांब, बुटकी टाकी मांडली, दोन टोकांना दोन फुटकी मडकी ठेवली आणि मध्ये दगड रचले. एकमेकींचं तोंड दिसेना, तशा दोघी सुखी झाल्या.

मग एक मादी पिवळीधमक झाली आणि तिनं मडक्यात अंडी घातली. नसीम म्हणाली, ‘‘पयली जचकी हाय, तिले मायके पाठवा ना!’’ मलाही ते रीतीला धरून वाटलं. मी तिला लोणच्याच्या बरणीत हलवलं. बाळंतीण माहेरी आणि अंडी सासरी! बाकीच्या दोघांनी ती खाऊन साफ केली. नसीम त्या दिवशी जेवली नाही. मलाही फार वाईट वाटलं.

नागपूरचा मासेवाला फोनवर ओरडला, ‘‘मादीले काऊन हलवलं? नराले हलवा! पिल्लं असली का मादी त्याले जवळ येऊ देत नाई.’’ दुसऱ्या वेळी तसंच केलं. आता मोहरीएवढी पिल्लं आईमागे फिरतात. नसीम टीव्ही सोडून त्यांच्यासमोर बसते. दुसरी मादी आपल्या टोकाला गप्प आहे. नर दुकानाच्या काउंटरवर बरणीत आहे, खाऊनपिऊन सुखी आहे.

तुमचा,
कय्यूम

ता. क. खरं काम हे, की शाजियाला टाकी आहे तीच हवेशीर खोली लागणार. टाकी काढा, असा नसीमचा हुकूम आहे. काही दिवस ती तुमच्या ओसरीवर ठेवाल का? वाटेत पिल्लं दगावतील, एवढीच भीती आहे.

ता. ता. क. नसीमनं पत्र वाचलं. शाजियाचा फोन आला होता, तिला पिल्लं बघायची आहेत. टाकी इथेच राहील. पण खोलीत जागा हवी आणि घरात शांतता हवी, म्हणून एकालाच हलवायचं ठरलंय. गुरुवारच्या गाडीनं मी येतोय. वहिनींना सांगा, मी कोपऱ्यात राहतो, वाढाल ते निमूट खातो.