येडीचं रान

बिस्मिल्लाह म्हणून हा कागद सुरू करते.

मी, मैमुना गनी आतार, माहेरची कोंडाबाई मरगळे, वय अंदाजे पंचावन्न, धंदा शेळ्या पाळणे व लोकर कातणे, राहणार पौड, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, आपल्या घराच्या ओसरीवर बसून, कोणाच्या धाकाने किंवा भुलवण्याने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करून ठेवते. लिहिण्याचे काम कचेरीबाहेर बसणारे भिकू लेखनिक करत आहेत. माझं बोलणं त्यांनी शुद्ध करून लिहावं, पण मध्ये दुसरं कोणी बोललं तर ते जसंच्या तसं ठेवावं, असं मी त्यांना बजावलं आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच घालतात, पण माझ्या बाबतीत त्याला हरकत घेणारा माणूस हयात आहे. तो माझा सख्खा भाऊ सावळा. गेली चौदा वर्षे तो गावोगाव सांगत फिरतो की कोंडीचं डोकं फिरलं म्हणून ती मुसलमान झाली. मला आता कशाची हाव उरलेली नाही. फक्त त्याच्या तोंडून एकदा 'कोंडी शहाणी आहे' एवढं ऐकायचं आहे. कागदाने ते होणार नाही हे मला कळतं, तरी लिहून ठेवते.

कलम १. आधी हकीकत, कारण तिच्याशिवाय पुढची कलमं कळणार नाहीत. माझा पहिला नवरा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वारला आणि मी सावळाकडे परत आले. कासार आंबोलीच्या माळावर शेळ्या चारायच्या आणि दूध पौडला बीबीजानकडे घालायचं, हे माझं काम. बीबीजान विधवा होती, घरी मुलींना कुराण शिकवायची. मी जाई तेव्हा तिची नमाज चालू असे. मी चरवी धरून उंबऱ्यावर बसून राही. ती जमिनीला कपाळ टेकवायची ते मला फार आवडायचं. एके दिवशी माळावर, शेळ्यांशिवाय कोणी बघत नाही असं पाहून मीही टेकवलं. मला कलमा येत नव्हता की दुआ येत नव्हती. म्हटलं, "देवा, कोंडी आलीया." गवत नाकात गेलं, सणसणीत शिंक आली, आणि मला इतका आनंद झाला की मी तिथंच बसून हसत सुटले. पुढे वर्षभर रोज हेच केलं.

मग बीबीजानला सांगितलं. वाटलं होतं ती खूश होईल. तिने मला घरी हाकललं. म्हणाली, "भावाला इचार, महिनाभर नीट इचार कर, मग ये." महिन्याने गेले, तर पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी शेळी आणि अंथरूण घेऊनच गेले. तेव्हा तिने मला अंघोळ घातली, नवं लुगडं दिलं आणि मशिदीतल्या हाफीजसाहेबांना बोलावून माझा कलमा पढवून घेतला. ते एकाहत्तर साल. भावाला विचारलं होतं का, असं कोणी म्हणेल, तर हो, विचारलं होतं. त्याचं उत्तर वर आलेलंच आहे.

बिरोबाशी माझं भांडण नाही. माझ्या बापाने त्याच्यापुढे माझ्यासाठी काय काय मागितलं ते मला आठवतं. मी रागावून घर सोडलं असं माझ्या मयतीला कोणी सांगू नये. मी हसत गेले.

कलम २. माझा पहिला रोजा. हा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही असं भिकू लेखनिकांचं म्हणणं आहे. बसवावा. मी जन्मभर उपास केलेली बाई. उपास म्हणजे भात-भाकरी वर्ज्य आणि रताळं, शेंगा, दूध चालतं, हे मला पाठ होतं. बीबीजान म्हणाली, "उद्या रोजा हाय, काय खायचं न्हाई." मला वाटलं, हे काय सांगायला पाहिजे? दुपारी मी चुलीवर रताळी उकडली, गूळ घालून दुधात कुस्करली, पोटभर खाल्ली आणि वाटीभर बीबीजानला घेऊन गेले. म्हटलं, "बीबी, तुमचा बी उपास असंल, म्हणून आणलं." ती वाटीकडे बघत राहिली. मग भिंतीला धरून खाली बसली. म्हणाली, "अगं, माणसं थुंकी गिळायला भितात आणि तू रताळं गिळलंस!" आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारची माणसं धावत आली.

मला मात्र नंतर रडू आलं. वाटलं, पहिल्याच दिवशी सगळं बुडवलं. बीबीजान म्हणाली, "कळत नव्हतं तवर चाललं. आता सांजंपतुर पानी बी नगं. ह्याचा एक रोजा मागनं धर, झालं." त्या सांजेला खजूर बाजूला ठेवून तिने माझ्या वाटीतल्या रताळ्याने रोजा सोडला. त्या दिवशी मला समजलं की मी योग्य घरात आले आहे. तेव्हापासून पहिल्या रोजाला आमच्याकडे रताळं असतंच. ती रीत पुढे चालवावी.

कलम ३. माझी चाती, राहिलेली लोकर आणि चांदीच्या पाटल्या बीबीजानची मुलगी सुलताना हिला द्याव्यात. तिला सूत कातता येत नाही आणि शिकायचा कंटाळा आहे. तरी चाती तिच्या डोळ्यांपुढे टांगलेली असावी.

कलम ४. वाण्याच्या दुकानाचे हैबतराव यांना काही देत नाही, फक्त दुरुस्ती देते. मी गनींसाठी मुसलमान झाले असं ते अजून गिऱ्हाइकांना सांगतात. कलमा एकाहत्तरचा, निकाह चौऱ्याहत्तरचा. एकाहत्तर साली गनी भोरला कपडे शिवत होते आणि मी त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं. आधी अल्ला, मग गनी. स्वतः गनींची या क्रमाला हरकत नाही. मशीन थांबवून ते आत्ताच म्हणाले, "दुसरा नंबर बी लई झाला मला." असा नवरा मिळाला याचं श्रेय मी कोणाला देऊ, तेवढं हैबतरावांनी ठरवावं.

कलम ५. मयतीविषयी. कफन साधं असावं. जनाजा नेताना वरून माझी काळी घोंगडी घालावी. तिची लोकर सावळाच्या मेंढरांची, सूत माझ्या हातचं. दफनानंतर ती सावळाला परत द्यावी, त्याला थंडी फार वाजते. त्याला कबरस्तानाच्या दारात बसू देऊ नये. तो बसेल. हाताला धरून आत न्यावं आणि इतरांसारखी त्याच्याही हातून तीन मुठी माती पडू द्यावी.

कलम ६. ज्यासाठी हा सगळा खटाटोप. काही शेळ्या विकून मी कासार आंबोलीला ओढ्याकाठी एक तुकडा घेतला आहे. हाफीजसाहेबांनी समजावून सांगितलं की भाऊ मुसलमान नसल्यामुळे शरियतीने माझा वारस होत नाही, मात्र मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत मी मर्जीने कोणालाही देऊ शकते. घर आणि उरलेल्या शेळ्या धरल्या तर हा तुकडा तिसऱ्या हिश्शात आरामात बसतो. बाकीचं शरियतप्रमाणे जाईल.

सावळा माझ्या घरचं पाणी पीत नाही. तरी दर बाजारच्या दिवशी येतो. दारासमोरच्या दगडावर बसून आपल्या फडक्यातली भाकरी खातो आणि मला सगळी खबर सांगतो. मी उंबऱ्यावर बसते. भाऊबीजेला लुगडं आणतो, उंबऱ्यावर ठेवतो, "घे, येडे," म्हणतो. दरसाल पिकं निघाल्यावर मेंढरं माझ्या तुकड्यात बसवतो, खताचा मोबदला घेत नाही. कोणी विचारलं मेंढरं कुठं आहेत, तर सांगतो, "येडीच्या रानात." आता सगळा गाव त्या तुकड्याला येडीचं रान म्हणतो. तलाठीसुद्धा.

सबब, ओढ्याकाठचा तो तुकडा मी भाऊ सावळा याला देते. अट एकच. पहिल्या रोजाला त्याने टोपलीभर रताळी आमच्या दारात आणून ठेवावीत. रमजान दरवर्षी मागे सरकतो, रताळी सरकत नाहीत. ती नसतील त्या वर्षी शेंगा चालतील.

कलम ७. हे कलम ठरलेलं नव्हतं. वरचा मजकूर भिकू लेखनिकांनी मोठ्याने वाचून दाखवला. साक्षीला हाफीजसाहेब आणि हैबतराव यांना बोलावलं होतं. हैबतराव कलम ४ पर्यंत बसले आणि चहा अर्धा टाकून उठून गेले. त्यामुळे एक साक्षीदार कमी पडला. लेखनिक रस्त्यावर माणूस शोधायला उठले, तेवढ्यात, बाजारचा दिवस म्हणून समोरच्या दगडावर बसलेला सावळा उठला. त्याने सगळं ऐकलं होतं.

तो म्हणाला, "मी करतो साक्ष."

लेखनिक म्हणाले, "तुम्हाला नाही करता येणार. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष करू नये. उद्या कोणी तंटा काढेल."

"मंग खोडा त्यो तुकडा."

मी म्हटलं, "दादा, खाली बस. दुसरा माणूस मिळंल."

"दुसऱ्याला काय ठावं तुजं? कोन म्हनंल उद्या, बाई येडी व्हती, कागुद खोटा. त्यो सबूद मीच पसरवलाय गावभर. मंग त्यो मलाच पुसाया पायजे. खोडा म्हनतो न्हवं!"

त्याला माझं रान मिळावं म्हणून मी वर्षभर हाफीजसाहेबांचं डोकं खाल्लं होतं. पण जे मला हवं होतं ते आता उंबऱ्याच्या आत येऊन उभं होतं, म्हणून मी मान हलवली.

सबब कलम ६ मधील दान रद्द करते. तुकडा शरियतप्रमाणे बाकीच्या मिळकतीत जाईल. गनी म्हणतात रताळं त्यांना अजिबात आवडत नाही, पण लावतील. त्या रानात मेंढरं बसवायला सावळाला कोणाची परवानगी लागणार नाही. रानाचं नाव बदलू नये. मला ते आवडतं.

अंगठ्याची शाई धुवायला मी त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्याने अंगठा धुतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं. हेही लिहावं असं मी लेखनिकांना सांगितलं, आणि ते लिहिलं आहे.

वरील सर्व मजकूर वाचून ऐकला, बरोबर आहे, मी खुशीत आहे.

लिहून ठेवणार: मैमुना गनी आतार (सही)

लेखनिक: भिकू, पौड कचेरी (सही)

साक्षीदार १: हाफीज, पेशइमाम, पौड (सही)

साक्षीदार २: सावळा धोंडू मरगळे, डाव्या हाताचा अंगठा. साक्षीदाराच्या सांगण्यावरून त्याचे शब्द पुढे लिहिले आहेत: "कोंडी शानी हाय. पयल्यापास्नं व्हती. मी तिचा सख्खा भाऊ."

ठिकाण: पौड, तालुका मुळशी
तारीख: ९ डिसेंबर १९८५