छपरावरची गिल्ली

शिंदे की छावनी, ग्वाल्हेर
२ जुलै २०२४

ती. दादास,
उषाचा सा. न.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. माझ्या नातवाचा, आपल्या स्मृतीच्या ध्रुवचा डोळा काढून महिना झाला. चार वर्षांचं पोर, खेळतं, जेवतं, थकलो आम्हीच. डॉक्टरीणबाईंनी माझ्या काचेच्या डोळ्याबद्दल विचारलं. मी नेहमीसारखं सांगितलं, दोन वर्षांची असताना, विटीदांडू खेळताना दादाची गिल्ली लागली. तरीही त्यांनी माझं रक्त तपासायला पाठवलं. दादा, ध्रुवच्या रक्तातला दोष स्मृतीत आहे आणि माझ्यातही. माझा डोळासुद्धा कॅन्सरनेच गेला. माझं लग्न अडू नये म्हणून आबांनी तुझं नाव पुढे केलं असणार.

आता सारखं वाटतं, हे मी दिलं. स्मृतीची धाकटी सव्वा महिन्याची. तिचे डोळे लगेच तपासायला हवेत. स्मृती ऐकत नाही. अब और नहीं, एवढंच म्हणते. मी तरी कुठल्या तोंडाने जोर करू?

लोभ आहेच, या वेळी थोडा जास्त लागेल.
उषा


देवास
११ जुलै

चि. उषास,
अ. आ.

पत्र वाचून ओट्यावर बसून राहिलो. तुझी वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेली. ती गिल्ली शेजारच्या मल्हाररावांच्या छपरावर अडकली होती, उषा. मी आठ वर्षांचा. आबांना तसं सांगितलं तर मुस्काटात बसली. मग हळूहळू मलाच वाटू लागलं, लागली असेल. राखी बांधून घेताना तुझ्या तोंडाकडे कधी नीट पाहिलं नाही आणि तू मला गर्विष्ठ म्हणायचीस! आज आबांवर रागावलो, पण आता रागवायलाही दम लागतो.

न केलेल्याचा दोष मी जन्मभर वाहिलाय, त्यातलं मला कळतं. तू तो उचलू नकोस. स्मृतीला हे पत्र वाचून दाखव आणि पोरीला ने. रडली तरी ने.

तब्येत सांभाळ, माझ्यासाठी तरी.
विश्वास


ग्वाल्हेर
३० जुलै

ती. दादास,
सा. न.

पत्र स्मृतीला रात्री वाचून दाखवलं. सकाळी ती पोरीला गुंडाळून दारात उभी होती. उजव्या डोळ्यात दोन बारीक ठिपके निघाले. लवकर सापडले म्हणून लेसरने जाळता आले. डोळा वाचेल म्हणतात. दर महिन्याला दाखवायचं. पुन्हा दवाखान्याच्या त्याच बाकांवर बसायचं, पण बसू.

राखीला ये आणि या वेळी माझ्याकडे बघ. ध्रुवने गिल्लीचा हट्ट धरलाय, येताना आण. तूच शिकव त्याला. मी समोरच बसेन.

तुझ्या लोभावरच चाललंय.
उषा