उलटी ट्रेडमिल आणि पाचवे मत

संध्याकाळी व्यायामशाळेत येणाऱ्या मुलांनो आणि मुलींनो, भेटेल तो माणूस ज्यांना "पुढे काय करणार?" असे विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही, अशा तुम्हा सर्वांना उद्देशून हे मृत्युपत्र आहे. नातेवाईक आणि समितीचे सभासदही ऐकत असतील. त्यांनी मागच्या रांगेत बसावे. तुमचे हे दुःख मला अलीकडे नीट कळले. छाती तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी मलाही तेच विचारले, "आजोबा, पुढचं काय ठरवलंय?" मी उत्तर द्यायला सुरुवात केली, तोवर त्यांनी पुढचा रुग्ण आत घेतला होता.

मी, छापखान्यातून निवृत्त झालेला कामगार, युनियनचा वक्ता आणि या व्यायामशाळेचा संस्थापक, हे माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे; जीभ जरा जास्तच शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. तसा प्रयत्न भाच्याने केला होता, पण तो गोड बोलू लागला की मला झोप लागते. याआधी मी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती बहुतेक भाषणेच होती.

कलम पहिले. घराचा वरचा मजला धाकट्या बहिणीला द्यावा. माझे प्रत्येक भाषण तिने आधी न्हाणीघराच्या दाराबाहेरून ऐकले आहे. एवढे सोसणाऱ्या माणसाच्या डोक्यावर छप्पर हवेच. खाली वजने आपटल्याचा आवाज आला की वरून पाय आपटून उत्तर देण्याचा तिचा हक्क अबाधित राहील.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते आणि माझे पाने, पकडी, ड्रिल, मल्टीमीटर हे सर्व दुरुस्ती वर्गाला द्यावे. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे एकही यंत्र विकत घेतलेले नाही. लोक मोठ्या उत्साहाने व्यायामाची सायकल घरी आणतात, महिनाभराने तिच्यावर टॉवेल वाळत घालतात आणि शेवटी पुण्य म्हणून आम्हाला देतात. मुले ती उघडतात, बिघाड शोधतात, जोडतात. या हाताच्या कामावर आमची किती मुले पुढे नोकरीला लागली! त्यांना "पुढे काय" असे इथे कोणी विचारले नव्हते. "तो बोल्ट दे" एवढेच म्हटले होते.

कलम तिसरे. माझे ग्रंथ. मी आयुष्यभर वाचले आणि इतरांनी वाचावे म्हणून घसा कोरडा केला. मुलांनी त्यांतले जाडजूड ग्रंथ दोरीने बांधून पायऱ्या केल्या आणि त्यांवर चढ-उतार सुरू केली. मी भडकलो. म्हणालो, "अरे, जगाला हादरवणारे विचार आहेत त्यांत." एक मुलगा धापा टाकत म्हणाला, "हलत नाहीत आजोबा, एकदम पक्के आहेत." तेव्हा जाड ग्रंथ पायऱ्यांसाठी ठेवावेत, पातळ पुस्तके वाचावीत.

कलम चौथे. माझा मायक्रोफोन समितीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक यांना द्यावा. वायर देऊ नये. वर्धापनदिनी मी शिक्षणव्यवस्थेवर बोलत असताना त्यांनी माझ्या मायक्रोफोनची वायर काढून घेतली होती. मी तसाच बोलत राहिलो आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलो, हे त्यांना अजून सहन झालेले नाही. मलाही झालेले नाही.

कलम पाचवे. माझ्या शोकसभेत ज्यांना बोलायचे असेल त्यांनी प्लँक धरून बोलावे, म्हणजे कोपर आणि चवडे जमिनीला टेकवून, शरीर फळीसारखे ताठ ठेवून. पोट जमिनीला लागले की भाषण संपले. मी हा नियम हयातभर इतरांना लावू शकलो नाही, कारण तो आधी मला लागला असता.

कलम सहावे. ट्रेडमिल. इथे जरा सावकाश लिहितो.

ही ट्रेडमिल बंद अवस्थेत आली. फिरकीने ती जुळवली. फिरकी म्हणजे दुरुस्ती वर्गातली ती मुलगी, जिच्या कानावर पेन्सिलीऐवजी स्क्रूड्रायव्हर असतो. मोटरच्या दोन वायरी तिने अदलाबदल करून जोडल्या आणि पट्टा उलटा फिरू लागला. हे कोणालाच माहीत नव्हते. उद्घाटनाला मुख्याध्यापक चढले, बटण दाबले आणि यंत्राने त्यांना उचलून समोरच्या बटणांच्या पाटीला मिठी मारायला लावली.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले.

"सर, तोंड फिरवा आणि चाला," फिरकी म्हणाली.

त्यांनी तोंड फिरवले. आता चाल जमली, पण बटणे पाठीमागे गेली. धरायला काही नाही, थांबवायला काही नाही, आणि समोर भिंतीऐवजी आम्ही सगळे. मुख्याध्यापक चालत राहिले. चालता चालता बोलू लागले. आधी शिस्तीवर बोलले, मग आपल्या शाळेच्या निकालांवर. मग त्यांचा आवाज खाली आला आणि ते म्हणाले, "निवृत्त झाल्यापासून मला एकाही विद्यार्थ्याचा फोन आला नाही. मला संध्याकाळी घरी जावंसं वाटत नाही."

फिरकी मागे बटणापाशी जाऊन उभी राहिली. तिने एवढेच विचारले, "थांबवू का?"

"नको," ते म्हणाले. "जरा चालू दे."

बंधुभगिनींनो, मी शेकडो सभा गाजवल्या. माणूस असा उघडा झालेला एकाही सभेत पाहिला नाही. त्या दिवशी मला मायक्रोफोनची आठवण झाली नाही.

फिरकी वायरी सरळ करायला निघाली तेव्हा मुलांनीच तिला अडवले. तेव्हापासून नियम असा आहे: चालणाऱ्याच्या मागे बटणावर कोणी तरी हवे, आणि बटणावरच्या माणसाने "थांबवू का?" याखेरीज एक शब्द बोलायचा नाही. सल्ला द्यायचा नाही. परीक्षेत नापास झाल्यापासून घरात न बोललेला एक मुलगा या पट्ट्यावर बोलला. ज्यांची झोप उडाली होती, ज्यांना आरशात बघायची लाज वाटत होती, ते बोलले. मी मात्र पहिल्याच दिवशी बटणावरून "बाळा, माझं ऐक" अशी सुरुवात केली आणि मुलांनी बहुमताने माझी हकालपट्टी केली. ती योग्य होती. मी तिचा आजही निषेध करतो.

ही ट्रेडमिल कोणाला देऊ नये, विकू नये, सरळ करू नये.

कलम सातवे. जागा आणि मत. तळमजल्याचे सभागृह मी संस्थेला देत आहे. परंतु वकिलांनी सांगितले, "जागा देता येते. तिच्यात काय चालावं, ते आपण गेल्यावर ठरवता येत नाही. ते समितीच्या मतांवर." समितीत आम्ही पाच जण. भाचा आणि मुख्याध्यापक एका बाजूला, डॉक्टरीणबाई आणि लॉन्ड्रीवाला दुसऱ्या बाजूला, पाचवे मत माझे.

भाचा म्हणतो, "मामा, जमाना बदलला. भिंतीभर आरसे लावू, प्रत्येक यंत्राला टीव्हीचा पडदा. फी भरणारे लोक येतील. ही पोरं नुसती बसतात, बोलतात."

मी म्हणालो, "मग?"

"मग व्यायाम कुठे होतो?"

मुख्याध्यापक त्याला मान डोलावतात. का डोलावतात ते मला ठाऊक आहे. जिथे ते एकदा खरे बोलले, ती जागा त्यांना डोळ्यांसमोर नको आहे. सर, तुम्ही ऐकत असाल तर सांगतो, त्या संध्याकाळबद्दल तुमच्यावर इथे कोणी हसलेले नाही. मिठीबद्दल हसले. ते वेगळे.

मी गेलो की मते दोन-दोन होतात. संस्थेच्या घटनेनुसार संस्थापकाने आपल्या जागी कोणाला नेमले ते मृत्युपत्रात लिहायचे, आणि त्या व्यक्तीने वाचन चालू असतानाच सही करून ते स्वीकारायचे. सही झाली नाही तर ते मत अध्यक्षांना मिळते. ही अट मुख्याध्यापकांनी सुचवली तेव्हा मी भाषण करत होतो, त्यामुळे ती मंजूर झाल्याचे मला कळले नाही. म्हणजे आज सही झाली नाही, तर पुढच्या बैठकीत आरसे येतील आणि तुम्ही सगळे रस्त्यावर.

माझ्या जागी मी फिरकीला नेमत आहे. तिचे वय कायद्याने पुरेसे आहे. तिला विचारले तेव्हा ती मागच्या खोलीत सायकलची चेन तेलात बुडवत होती.

"आजोबा, मला नाही जमणार. सभेत बोलताच येत नाही मला."

"बोलायचं कोणी सांगितलं? हात वर करायचा."

"आणि मुख्याध्यापक सर माझ्याकडे बघत बसले तर?"

"तूही बघ."

"तुम्ही दुसरं कोणी तरी बघा ना. कोणी तरी शिकलेलं, तुमच्यासारखं बोलणारं."

माझ्यासारखे बोलणारे एक या व्यायामशाळेने सोसले, पुष्कळ झाले. समितीत आता असा माणूस हवा, ज्याला गप्प उभे राहून ऐकता येते. फिरकी, तू मान खाली घालून दाराकडे सरकली असशील. मुलांनो, दारातून बाजूला होऊ नका. तिच्याशी वाद घालू नका, तिला समजावू नका. फक्त तिच्या हातात पेन द्या.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले. लांबले आहे, पण बरोबर आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि त्यांनी माझ्या समक्ष सह्या केल्या.

सही: संस्थापक

साक्षीदार: कोपऱ्यावरचा शिंपी (यांनी एकदा विचारले, "अजून किती पानं आहेत?")
साक्षीदार: शेजारच्या चष्म्याच्या दुकानातल्या बाई

स्थळ: व्यायामशाळेची मागची खोली
दिनांक: साप्ताहिक सुट्टीचा मंगळवार, दुपार

पाचव्या मताचा स्वीकार. फिरकी, इथे सही कर: ______________