मावशीनं मोरारियात का उतरू नये

लिस्बन, आल्फामा आळी,
मे महिन्यातला शेवटचा सोमवार

तीर्थरूप आदोझिंदा मावशीस,

भाची एर्मीनियाचा, गुडघे परवानगी देतील तितकं वाकून, नमस्कार. तुझा दमा, तुझ्या कोंबड्या आणि मोतीबिंदू काढलेला डोळा, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. इकडे क्षेम आहे; म्हणजे जिना होता तेवढाच उंच आहे, शेजारीण झुल्मीरा होती तेवढीच बोलते आणि संत अंतोनीच्या कृपेनं माझं शिवणयंत्र अजून कुरकुरत का होईना चालतंय.

तुझं पत्र पोचलं. ‘डोळा नवा झालाय तोवर यंदा संत अंतोनीच्या सणातली मिरवणूक बघून घेते, तर लिस्बनमध्ये कुठल्या आळीत उतरू ते कळव,’ असं तू विचारलंस. सोबत आमिल्कारनं (तुझा मुलगा आहे, म्हणून जास्त बोलत नाही) कॉम्प्युटरवरून उतरवून घेतलेली माहितीही धाडलीस. त्यात प्रत्येक आळीला तारे दिलेत. आळीला तारे देणारा माणूस त्या आळीत कधी जेवला तरी असेल का, मावशी? स्टेशन किती लांब, बाजार किती जवळ, सगळं त्यानं लिहिलंय. मुख्य गोष्ट मात्र राहिली. मिरवणुकीत आळ्याआळ्यांची चढाओढ असते, म्हणून या सणाला माणूस ज्या आळीत झोपतो, त्याच आळीसाठी त्यानं घसा फोडायचा असतो. इथं पाहुण्याला ‘गाव कुठलं?’ असं कोणी विचारत नाही. ‘उतरलात कुठं?’ असं विचारतात, आणि उत्तर ऐकून ताटात सार्डिन मासा मोठा वाढायचा की बारका ते ठरवतात. असली गोष्ट आमिल्कारवर सोपवून कसं चालेल? म्हणून मी स्वतः पायपीट केली.

खरं म्हणजे माझ्याच घरी उतर असं मी म्हणायला हवं, आणि म्हणतेही. पण तुझ्या पलंगावर सध्या आल्फामाच्या मिरवणुकीतल्या समस्त बायकांचे घागरे पसरलेत. (रंग सांगणार नाही. पत्र टपालवाल्याच्या हातातून जातं आणि त्याची बायको मोरारियाची आहे.) त्यातून माझं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. तू दम खात खात वर पोचेपर्यंत खाली सण संपून झाडलोट चालू झालेली असेल. शिवाय सणाचे दिवस झुल्मीरा बरोब्बर माझ्या खिडकीखाली मासे भाजते. गेल्या साली तो धूर पडद्यांत असा मुरला की ऑगस्ट उजाडला तरी आळीतली मांजरं माझ्या दाराशी आशेनं बसून असायची.

मग मी बायशा आळीत गेले. सपाट जागा, लिफ्टवालं हॉटेल, तुझ्या दम्याला उत्तम. पण काउंटरवरच्या पोरीनं मला इंग्रजीत ‘वेलकम’ केलं! मी म्हटलं, पोरी, मी इथलीच आहे, या शहरात माझ्या पणजीचे दात पडलेत. तर ती गोड हसली आणि तिनं माझ्या हातात लिस्बनचा नकाशा दिला. खोली दाखवली, तिच्या खिडक्यांना दुहेरी काचा. अभिमानानं सांगते कशी, ‘बाहेरचा काहीही आवाज येत नाही बरं का!’ अगं, सणाला येऊन आवाज ऐकायचा नाही, तर तुझ्या कोंबड्या काय वाईट आहेत? तिथून बायरू आल्तू गाठलं. तिथं आवाजाला तोटा नाही, पण तो सगळा दारू भरलेल्या पोटांतून येतो. नकाशा मात्र चांगला निघाला, घागऱ्याच्या बेतासाठी कापायला.

राहता राहिली मोरारिया. तिथं तू उतरावंस असं मला स्वप्नातसुद्धा वाटणार नाही. टेकडीच्या पलीकडल्या उतारावरची आळी ती; तिथं ऊन उशिरा येतं, माणसं लवकर भांडतात आणि मिरवणुकीत त्यांची पावलं तालावर पडली तर तो संताचा चमत्कार समजायचा. त्यातून तिथं आमची ओंदिना राहते. माझ्या या सख्ख्या बहिणीची कथा तू ऐकलेली आहेस, पण आता नव्या डोळ्यानं वाच. तिनं मोरारियाच्या माणसाशी लग्न केलं, ते मी सोसलं. तो बिचारा गेला तेव्हा मी रडलेसुद्धा. पण ज्या कात्रीनं आल्फामाचे घागरे बेतण्यात आमच्या आईचा जन्म गेला, ती कात्री घेऊन ही बया मोरारियाचे कपडे बेतायला बसली! आणि त्या साली मिरवणुकीत त्यांचा नंबर आमच्या वर लागला. तेव्हापासून टेकडी मध्ये आहे. ती मीही चढत नाही, तीही चढत नाही.

पण उद्या तू म्हणायचीस, एर्मीनियानं न बघताच नावं ठेवली. म्हणून केवळ न्यायबुद्धीनं मी तिकडे गेले. सणाच्या तोंडावर आल्फामाची शिवणकरीण मोरारियात दिसणं बरं नव्हे, म्हणून परदेशी पाहुणीचा वेष घेतला: झुल्मीराच्या नवऱ्याची टोपी, काळा चष्मा, गळ्यात बंद पडलेला कॅमेरा. तोंड उघडं टाकून, रस्त्याच्या मधोमध थांबत थांबत चालले. अगदी हुबेहूब. त्यांच्या शिवणघराच्या खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली होती, तिकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. (एक कोपरा फाटला होता. लिंबासारखा पिवळा. देव त्यांचं भलं करो.) आणि नेमकी तिथंच, फेलिजमीनाच्या कॉफीच्या दुकानाच्या दारात, मंजेरिकोची, सणाच्या त्या बारीक पानांच्या तुळशीची, कुंडी ठेवलेली. ताजी, हिरवीगार, वर कागदी फूल. मावशी, हाताला कोण आवरणार? मी रोपावरून अलगद तळवा फिरवला आणि तळव्याचा वास घेतला.

झालं! परदेशी माणूस थेट नाक खुपसतो आणि रोप मारतो. फेलिजमीना ओरडली, “अगो बायांनो, हिला हात फिरवायला कुणी शिकवलं? काढ तो चष्मा! आल्फामाची एर्मीनिया ही! आमचं कापड बघायला आली!” क्षणात दहा बायका गोळा. एकीनं कॅमेरा धरला, एकीनं टोपी उडवली. मी म्हणतेय, “मावशीसाठी खोली बघायला आले.” तर त्या म्हणतात, “हो, आणि आम्ही पोपसाठी!”

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला, “सोडा गं तिला. तिला जवळचा रंग धड ओळखू येत नाही, लांबचा काय दिसणार!” ओंदिना होती. इतक्या वर्षांत माझ्याशी, म्हणजे माझ्याविषयी, बोललेलं तिचं पहिलं वाक्य हे! बायका हसल्या आणि मला सोडलं. अपमान करून सोडवलं, मावशी, आईची अगदी हीच तऱ्हा होती. मी वर बघितलं. ती काठीवर रेलून उभी होती, एक पाय प्लॅस्टरमध्ये. फेलिजमीना म्हणाली, जिन्यात घसरली, खाली उतरता येत नाही, यंदा मिरवणूक बघायला मिळायची नाही बिचारीला. मग ओंदिनानं रुमालात गुंडाळून दाराची किल्ली खाली टाकली. ती माझ्या पायाशी पडली.

मी ती उचलली, फेलिजमीनाच्या हातात ठेवली आणि ताठ मानेनं घरी आले. टेकडी चढताना ताठ मान फार दुखते.

तात्पर्य, सगळ्या लिस्बनमध्ये कुठंही उतर, पण मोरारियात उतरू नकोस. आमिल्कारला आशीर्वाद, कोंबड्यांना दाणा.

तुझी आज्ञाधारक भाची,
एर्मीनिया

ता. क. – ओंदिनाचं घर पहिल्या मजल्यावर आहे, तुझ्या दम्याला झेपेल. खिडकीशी दुसरा पलंग रिकामाच असतो म्हणे. मी आपलं सांगून ठेवते.

दुसरा ता. क. – तिथं उतरलीसच, तर मी सुचवलं असं म्हणू नकोस. म्हण, आल्फामात धूर फार. हे ऐकून ती इतकी खूश होईल की सणभर तुला मोठे सार्डिन वाढेल. येताना तिला आवडतो तो तुमच्याकडचा सॉसेज आण. आणि बाई, लिंबाच्या पिवळ्यावर लाल गोट घालायला सांग तिला, नाहीतर त्यांच्या बायका दिव्यांच्या उजेडात आजारी दिसतील. नको, सांगू नकोस. नाही, सांग.

शेवटचा ता. क. – तू तिथं असलीस की मला रोज यावं लागेल. मावशी गावाहून आलीय आणि भाची भेटायला गेली नाही, असं आल्फामात काय, मोरारियातही कोणी खपवून घेणार नाही. माझा इलाज नाही. आल्यावर मी खालून हाक मारीन. दार उघडायला ओंदिनाला उठू देऊ नकोस. तिला म्हणावं, किल्ली खिडकीतून टाक. या वेळी मी झेलीन.