वाढत्या मापाची गिटार

ती. ताईस,

नमस्कार. (कागदावरच घालतो आहे, हल्ली वाकलं की कंबरेत उसण भरते.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरायला सांग. इकडे आम्ही सगळे मजेत. म्हणजे तसे मजेत नाही, पण ते पुढे येईलच.

तू फोनवर बजावलं होतंस, चिमणीला गिटार लहान मापाची घे, तारा नायलॉनच्या घे, आणि त्या गिटारच्या मानेपासून फार उंच नाहीत ना ते बघ. मी हो हो म्हटलं. दुकानात गेलो तेव्हाही सगळं तोंडपाठ होतं. दुकानदाराने तू सांगितलीस तशीच एक काढली आणि शेजारी एक मोठी ठेवली. दोन्हींची किंमत एकच. आता तूच सांग, पंचवीस वर्षं मी पोरांचे कपडे शिवतोय (गणवेश तर किती, मोजदाद नाही), पण एकाही आईने अंगाबरोबर शिवा म्हणून सांगितलेलं नाही. वाढत्या अंगाचं शिवा, खाली चार बोटं दुमड ठेवा, हेच ऐकत आलोय. अकरा वर्षांच्या पोरीला नेमक्या मापाची वस्तू घ्यायची म्हणजे माझा हातच धजेना. त्यात मोठीला लाकूड जवळजवळ दुप्पट. मी ती उलटीपालटी करून सांधे तपासले, भोकातून आत अस्तर कसं आहे ते पाहिलं (अस्तर नसतं), आणि दुकानदार मला जाणकार समजला. त्या भरात मोठी घेऊन आलो.

घरी चिमणीने ती मांडीवर घेतली आणि पोरगी दिसेनाशी झाली. वर डोळे, खाली पाय, एवढंच शिल्लक. हात पलीकडे पोचेना. हिला दोन्ही बाजूंनी टिपा घालून आत घेता येणार नाही का बाबा, असं तिने अगदी साधेपणाने विचारलं. तुझी भावजय स्वयंपाकघरात जाऊन हसली. मला काही हसू आलं नाही.

त्यात तारा पोलादी, आणि मानेपासून इतक्या उंच की खालून माझी मापाची टेप सहज सरकते (सरकवून पाहिली). बोटं दुखतात म्हणाली, तर मी शहाण्याने सांगितलं, सुईही आधी टोचतेच. त्यानंतर ती आठवडाभर रोज बसली आणि एका शब्दाने कुरकुरली नाही. काल मात्र क्लासहून आली, गिटार भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, मला नाही जमत, राहू दे. वर्षभर माझ्या फूटपट्टीला रबरं ताणून वाजवत बसणारी पोर गं ही. गुरुवारच्या क्लासला जाणार नाही म्हणते. तिला वाटतंय खोट तिच्यात आहे. माप मी चुकवलंय, पण हे कबूल करायला माझी जीभ रेटत नाही. काळजीने आज एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

असो. तू जिवाला लावून घेऊ नकोस. तब्येत सांभाळ.

तुझा धाकटा

ता. क. तू जिच्यावर शिकलीस ती छोटी गिटार अजून माळ्यावर आहे का? असली तर गुरुवारच्या आत पाठव. तिच्यासाठी खोळ शिवून ठेवली आहे. दोन बोटं वाढती ठेवली, सवय जात नाही.

आणखी एक. मोठी बदलून का आणत नाहीस, असं तू विचारणारच. दुकानदार तयार आहे, मी विचारून आलो. पण चिमणी शाळेत गेली की ती घेऊन मी बसतो. मला अगदी अंगाबरोबर बसते. तुझी नसेल तर फोन कर, बुधवारी निमूटपणे बदलून आणीन. बोटं मात्र खरंच दुखतात.

शेवटचं. पाकीट चिकटवायच्या आधी बोटांवर फुंकर घालत बसलो होतो, तेवढ्यात चिमणी आली. मग सगळंच सांगून टाकलं, की तुझं काही चुकलेलं नाही, माप माझं चुकलं. तिने ऐकून घेतलं, माझी बोटं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, सुईही आधी टोचतेच. मग दारापर्यंत गेली, परत आली आणि विचारलं, आत्याची कधी येईल.