सात कवड्यांना समुद्र दाखवला तो दिवस

१६ फेब्रु. पोर्ट ब्लेअर, सकाळ

रोजनिशीची सवय मला नाही. आज लिहिणं भाग आहे. काल शेवंताच्या आईच्या सात कवड्या माझ्या हाताने गेल्या, आणि घरी पोचल्यावर म्हातारीला ते मी सांगायचं, असं बोटीत कबूल करून बसले आहे. दोन दिवस गेले की मला माझ्या सोयीचं तेवढंच आठवेल. म्हणून विमानाआधीच.

क्रमाने.

तिघी आलो. मी, कुंदा, शेवंता. अमरावतीच्या होस्टेलवर एका खोलीत राहायचो, तेव्हापासून ‘समुद्र पाहू’ चाललं होतं. सगळ्या निवृत्त झालो तेव्हा कुठे जमलं. काल हॅवलॉक बेट. सकाळच्या बोटीने गेलो, संध्याकाळच्या शेवटच्या बोटीने परत.

बोटीतून उतरल्यापासून कुंदाची बडबड सुरू. “अवं नलू, पाणी हाय का कोनं मोरचूद कालवली?” रंग खरंच तो. फवारणीच्या ड्रमातला. पुढे गडद होत नीळ. लाइफ जॅकेट चढवल्यावर म्हणे, “जिनिंगातली गाठ दिसून राह्यली मी. पट्टे आवळ, नाही तं रुई बाहेर येईन.”

तळाला काच असलेली नाव. खाली पिवळे मासे, पट्ट्यांचे मासे, दगडासारखं दिसणारं प्रवाळ. कुंदा काचेवर नाक लावून. “हे आपल्याले पाहून राह्यले का आपण त्यायले?” नावाड्याला एक शब्द कळला नाही, तरी हसला.

शेवंताने बोट बुडवून पाणी चाखलं. “मीठच हाय वं. आमचा आजा बैलाच्या पाठीवर लादून गावोगाव नेत होता. पण त्यानंही दरिया कधी पाह्यला नाही.” घाटंजीकडच्या तांड्यातून पहिली बी.ए. झालेली ही. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती. कमी बोलते.

दुपारी तिनेच हात धरून मला पाण्यात ओढलं. पायाखालची वाळू लाटेबरोबर निघून जाते. साडी कमरेपर्यंत भिजली. मी रागावले नाही, उलट ओरडत होते. कुंदा पुढे नाही म्हणेल म्हणून इथे नोंदवते. तीन तास घड्याळ पाहिलं नाही. असा दिवस मला

असो.

किनाऱ्यावर पाटी आहे. शंख-शिंपले, प्रवाळ नेऊ नये, गुन्हा. मी ती दोघींना मोठ्याने वाचून दाखवली. कुंदा म्हणाली, “झाली लायब्री सुरू.” तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयाच्या दारात पिशव्या तपासल्या, त्यावरून हे नाव.

शेवंता पाण्याच्या कडेला उकिडवी बसलेली दिसली. मूठ पाण्यात. कुंदाने जवळ जाऊन तिच्या रुमालात दोन-चार शिंपले टाकले, तेही दिसलं. तेव्हाच ठरवलं, जेटीवर पाहू.

जेटीवर रांग. पहारेकरी विचारतो, “शंख-सीपी है किसी के पास?” मी शेवंतापुढे हात केला. ती म्हणाली, “नलू, ऐक तं...” मी म्हटलं, “नंतर.” रुमाल घेतला, गाठ सोडली, सगळा त्याच्या पेटीच्या फटीत रिकामा केला. पेटीला कुलूप. किल्ली वनखात्याकडे. पहारेकरी म्हणाला, “शाबाश मैडम.” मला बरं वाटलं. हेही लिहायलाच हवं.

बोट सुटल्यावर कळलं. त्यात सात कवड्या तिच्या आईच्या. आईच्या इंढोणीतल्या, म्हणजे डोक्यावर घागर ठेवायच्या कवड्या मढवलेल्या चुंबळीतल्या. दोरा कुजून सुटल्या होत्या. म्हातारीने सांगितलं होतं, दरियावर चालली तर यांना त्यांचं घर दाखवून आण, मग परत शिवू. एप्रिलमध्ये नातीचं लग्न. ती इंढोणी डोक्यावर घेऊन पोरगी निघणार.

“सांगितलं का नाहीस?”

“तू बोलू देल्लं का?”

गाठ सोडली तेव्हा रुमालात मला दिसल्या होत्या. पाठ घासून सपाट केलेल्या. शिवायच्या कवडीलाच तसं करतात. किनाऱ्यावर पडलेली कवडी अशी नसते. दिसलं, पण पाहिलं नाही.

१७ फेब्रु. नागपूर, बसची वाट पाहत

काल विमानात शेवंता खिडकीशी, मी मध्ये, कुंदा कडेला. कुंदा दर पाच मिनिटांनी काहीतरी खायला काढत होती, कुणी घेत नव्हतं. शेवटी म्हणाली, “दोघी मेल्यासारख्या काहून बसल्या वं? चूक माही बी हाय. म्याच शिंपले टाकले.” शेवंता म्हणाली, “तुही नाही.” एवढंच. माझ्याकडे पाहिलं नाही.

२० फेब्रु. दारव्हा, घरी

पोर्ट ब्लेअरच्या लॉजवाल्याकडून जेटीचा नंबर मिळवला. चौथ्यांदा लागला. पहारेकरी तोच.

“कौन, वो कड़क मैडम?”

पेटी एक तारखेला उघडतात. “सब वापस समंदर में डाल देते हैं, मैडम.” आधी लेखी अर्ज आला, वस्तू ओळखता आली, तर साहेब बघतील. बघतील म्हणाला, देतील म्हणाला नाही. मी तीनदा विचारलं.

आज वीस. नऊ दिवस.

शेवंताला फोन केला. “अर्ज मी लिहिते. तुझ्या आईकडे उद्या येते.” ती म्हणाली, “घाटंजीच्या जीपने ये. फाट्यावर उभी राह्यते.”

२१ फेब्रु.

तांड्यावर गेले. शेवंताच्या भावाचं घर, पुढे तूर वाळत घातलेली. याडी, म्हणजे तिची आई, खाटेवर. वय अठ्ठ्याऐंशीच्या आसपास, दात नाहीत, नजर चांगली. शेवंताने तिला काहीच सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी ठेवलं होतं.

“बस वं. तूच का ते पुस्तकंवाली?”

मी बसले नाही. उभ्याउभ्या सांगितलं. पाटी, रांग, रुमाल, पेटी. शेवंता सांगत होती, मी ऐकलं नाही, हेही. मध्ये थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं.

तिने पहिला प्रश्न विचारला तो, “पाण्यात घातल्या होत्या का पह्यले?”

शेवंता म्हणाली, “घातल्या. एक-एक.”

“मंग दरिया पाह्यला त्यायनं.” थोडा वेळ ती तोंडातल्या तोंडात काही चघळत राहिली. मला वाटलं, संपलं, माफ केलं. तसं नव्हतं. “पण पोरीच्या डोक्यावर अर्धी इंढोणी ठिवता येत नाही. माह्या सासूनं देल्ल्या त्या. आन परत.”

“अर्ज करते.”

“अर्जानं वळखू येतीन?”

“बाकीच्या कवड्यांचा फोटो पाठवते.”

“फोटोत घासलेली पाठ हाताले लागते का वं?”

तिने आतून इंढोणी आणायला लावली. लाल कापड, कवड्यांच्या तीन रांगा, एका कडेला सात रिकाम्या जागा, टाक्यांची भोकं तशीच. सुई घेतली. शेवंता आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली, बहुधा नको. म्हातारीने ऐकलं नाही. रिकाम्या जागेच्या शेजारचीच कवडी उसवली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

“हे दाखव त्यायले. म्हन, इच्या बहिनी हायेत.”

सात घालवलेल्या हातावर आठवी. मी पोच लिहून द्यायला कागद काढला. “कागद कायले? तोंड हाय ना तुले?”

तरी लिहिली. शेवंताने घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. फाट्यापर्यंत दोघी चाललो. ती म्हणाली, “पाण्यात तू ओरडत होती ना, तवा मले लय हासू येत होतं.”

जीप आली.

२२ फेब्रु.

अर्ज तीनदा लिहिला. ‘वस्तू कशा गेल्या’ या ठिकाणी आधी ‘अनवधानाने’ लिहिलं. खोडलं. लिहिलं, ‘माझ्या हाताने. मालकीण सांगत होती, मी थांबले नाही.’ हिंदीत नीट उतरवलं.

शेवंता सकाळच्या जीपने आली. बोलावलं नव्हतं. अर्ज वाचला, ‘सात’च्या खाली रेघ मारली, सगळं कापडी पाकिटात घालून जाड दोऱ्याने शिवलं. दोघी पोस्टात गेलो.

काउंटरवरची मुलगी: “मॅडम, एवढ्याशा पाकिटाला एवढे टाके?” शेवंता म्हणाली, “लांब जायचं हाय त्याले.”

एक तारखेच्या आत पोचेल का? “पोचायला पाहिजे,” म्हणाली.

नोंद. आज सकाळी सव्वाअकराला स्पीड पोस्टाने सोपवलं: अर्ज एक, सही माझी, साक्षीदार शेवंता. इंढोणीचे फोटो दोन. कवडी एक, पाठ घासलेली, लाल दोऱ्याचा तुकडा अडकलेला, तो काढला नाही. पावती शेवंताकडे दिली.