माळ घातलेला फोटो

शारजा,
ऑक्टोबर २००९

प्रिय संजूताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू रडायला लागशील, मी काहीतरी चेष्टा करीन आणि सांगायचं ते राहूनच जाईल. म्हणून कागद घेतला. आता सुरुवात कुठून करायची तेच कळेना. फोटोंपासून करतो.

सध्या मी घरं रिकामी करतो. मंदीचं पेपरात वाचलंच असशील. इथं माणसं कुणालाच न सांगता निघून गेली. दुबई मरीनाला ढगात गेलेल्या बिल्डिंगी आहेत, तिथं दार उघडावं तर फ्रीजमध्ये दही तसंच, चपला दाराशी आणि माणूस गायब. मग मालकाचा एजंट रफिकला बोलावतो. रफिक पेशावरचा, त्याचा पिकअप आहे. आम्ही दोघं सामान उतरवून शारजाच्या जुन्या बाजारात नेतो. मरीनाच्या त्या बाल्कन्यांतून बोटी कशा दिसतात सांगू? दाजींच्या दुकानातल्या साबणाच्या वड्या पाण्यात टाकल्यासारख्या. असो. फोटो.

एका घरात अख्खी भिंत एकाच गावाच्या फोटोंनी भरलेली होती. लाल कौलं, काठावर दगडी कोठारं, पलीकडे जाणारी तरीची होडी, आणि नदीत उतरणाऱ्या पायऱ्या. ताई, आपल्या घाटासारख्याच गं! फक्त कुणी धुणं धुत नव्हतं. मधोमध एका गोऱ्या बाईचा फोटो आणि त्याला वाळक्या फुलांची माळ. मी पायातले बूट काढले. रफिक म्हणाला, "मय्यत का घर है, आवाज नीचे रख." फ्रेमांना बाजारात गिऱ्हाईक मिळालं असतं, पण मी नुसता विषय काढला तर तो खेकसला, "मरे हुए की फोटो बेचेगा? शरम कर, यार." मग सगळे फोटो मी खोलीवर आणले.

खोलीत महादू आहे, देवगडकडचा गवंडी. त्यानं बाईंना आपल्या देवांशेजारीच जागा दिली. रोज उदबत्ती. नदीचा फोटो बघून म्हणाला, "ही आमच्या विजयदुर्गाची खाडी." मी म्हटलं, हा कुरुंदवाडचा घाट. "माका काय शिकवतस?" म्हणून तो भांडायलाच उठला. केरळचा एक जण वरच्या बंकवरून म्हणाला, दोघंही गप्प बसा, हे आमचं गाव आहे. तेव्हापासून शेजारच्या खोल्यांतली माणसंही बघायला यायला लागली. प्रत्येकाला त्यात आपलीच नदी दिसायची. मला हे काही नीट कळलं नाही, अजूनही कळत नाही.

एका फोटोमागं गावाचं नाव होतं, मला ते उच्चारता येत नाही. सायबर कॅफेवाल्या अहमदनं शोधून सांगितलं की हे पोलंडमधलं आहे, विस्तुला नदीवरचं. जुन्या गावांचे फोटो टाकायची एक वेबसाइट असते, तिथं त्यानं सगळे चढवले आणि मी सांगितलं तसं खाली लिहिलं, 'ही बाई दुबईत वारली, नातेवाइकांनी कळवावे.'

आणि माणसं यायला लागली गं! कुणी म्हणे, तिसरी खिडकी माझ्या शाळेची. कॅनडातून एकानं लिहिलं, ती होडी माझे वडील चालवायचे. एकाच गल्लीतली दोन माणसं, कैक वर्षं अबोला धरलेली, माझ्या फोटोखाली बोलायला लागली. ओळख ना पाळख, पण मला 'मिस्टर अंकुर' म्हणत. आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणी मिस्टर म्हटलं. मी रोज जाऊन अहमदकडून वाचून घ्यायचो. मग एका शेजारणीनं लिहिलं, ही तर आमची हालिना! आणि सगळी गल्ली फुलं घेऊन हालिनाच्या आईकडे भेटायला गेली. मला वाटलं, चला, आपल्या हातून एक पुण्याचं काम झालं.

मग दोह्याहून निरोप आला. अहमदनं वाचून दाखवला. 'मी मेले नाही. माझी नोकरी गेली, एवढंच. आईला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून कुणालाच काही कळवलं नाही. पण मला मारून टाकायला तुम्हाला कुणी सांगितलं?'

मी कळवलं, बाई, तुमच्या फोटोला माळ होती. आमच्याकडं जिवंत माणसाच्या फोटोला माळ घालत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. त्यांच्या गावात ऐन उन्हाळ्यात मुली फुलांच्या माळा विणून नदीत सोडतात, त्यातली एक तिनं आठवण म्हणून आणली होती. खाली लिहिलं होतं, 'मी आता हसतेय, पण रागही आहे.' मी खोलीवर आलो तर महादू तिला उदबत्ती लावत होता. विझव म्हटलं. बिचारा इतका घाबरला!

आणि परवा त्या फोटोंखाली नवा फोटो आला. त्याच पायऱ्या, पण या वेळी त्यांवर एक म्हातारी उभी. लांब कोट, हातात छत्री, चेहरा रागावलेला. अहमद म्हणाला, ही हालिनाची आईच. खाली एक अक्षर नाही. अहमदनं मला तो छापून दिला. महादू तो बघून म्हणाला, "आवशीन बोलवल्यान." म्हणजे आईनं बोलावलंय.

ताई, इथं रुवैसला नोकरीला असलेले आपल्या गल्लीतले गुणवंतकाका काल मला शोधत आले. माझ्या जुन्या कॅम्पवर जाऊन आले होते, तिथं त्यांना 'खलास, गेला' एवढंच सांगितलं म्हणे. त्यांनीच सांगितलं की दसऱ्याला दाजी सगळ्या तसबिरींना झेंडू लावत लावत माझ्या फोटोपाशी आले, तशी आई केवढ्यानं ओरडली, आणि त्या दिवशी जेवली नाही. ते ऐकून मी हसायला गेलो, जमलं नाही. कंपनीनं मला उन्हाळ्याआधीच काढलं. नंबर मीच बदलला. यायचं म्हटलं तर कुठल्या तोंडानं येऊ, आणि इथं राहायचं तर कशासाठी, दोन्ही कळत नाही. पण एवढं कळलं, म्हणून लिहितोय. मी मेलो नाही. माझी नोकरी गेली, एवढंच. हे आईला मोठ्यानं वाचून दाखव. नोकरीचं गाळून वाच, असं लिहिणार होतो, पण नको, तेही वाच. आणि तिला घाटावर उभी करून एक फोटो पाठव. रागावलेली असली तरी चालेल.

अजून तुझाच असलेला,
अंकू